पुरुषासाठी ‘वंध्य’ चालतो का?

धरमपेठकर: पेशंटला द्यायचं एक माहितीपत्रक मराठीत करून राहिली आहे. विषय क्लाइनफेल्टर सिंड्रोम, म्हणजे पुरुषात ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं, एक एक्स गुणसूत्र जास्तीचं. जुन्या मसुद्यात ‘लिंग गुणसूत्रातील विकृती’ आणि ‘नपुंसकत्व’ आहे, त्यातलं नपुंसकत्व खटकलं म्हणून ‘वंध्यत्व’ केलं, तर एक काका म्हणाले वंध्या बाईच असते. खरंच का?

लॅबवाली: ताई, नपुंसकत्व आधी काढा! यातल्या बहुतेकांचे शरीरसंबंध नीट असतात, वीर्य येतं, फक्त त्यात शुक्राणू सापडत नाहीत, आणि कित्येकांना हे कळतं ते लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणी केली तेव्हाच. रिपोर्ट हातात घेऊन विचारतात, म्हणजे मी पुरुष नाही का? अहो वाय गुणसूत्र आहे ना, त्याच्यामुळेच वृषण तयार होतात. तिथं नपुंसक लिहिणं म्हणजे चूकही आणि क्रूरही.

काटोलचा भाऊ: आमच्याकडे संत्र्याचं झाड फळत नसलं तर त्याले वांझच म्हणतात. झाड काय बाई आहे? मंग माणसाले काहून नाही चालत?

व्युत्पत्तीवेडा: वंध्य हे विशेषण आहे, तिन्ही लिंगांत चालतं, काकांना सांगा. माझा आक्षेप ‘गुणसूत्र’वर आहे. ग्रीक क्रोमा म्हणजे रंग, सोमा म्हणजे शरीर. १८८८ मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डायरने हे नाव दिलं कारण पेशी रंगवल्या की ते गडद दिसतात. म्हणून रंगसूत्र! गुजरातीत तेच आहे.

मास्तर: शाळेत पोरं गुणसूत्रच शिकतात. रंगसूत्र वाचून पेशंटला वाटेल कातडीचं काही आहे.

लॅबवाली: त्यापेक्षा ‘लिंग गुणसूत्रातील विकृती’ बदला. विकृत म्हटल्यावर माणसाच्या डोक्यात काय येतं ते सांगायला नको. आणि वंध्यत्व लिहिलं तरी खाली हे लिहाच की काहींच्या वृषणातून मायक्रो-टेसे (सूक्ष्मदर्शकाखालची शस्त्रक्रिया) करून शुक्राणू मिळतात, ते वापरून आयसीएसआय (शुक्राणू थेट बीजांडात सोडणं) होतं, मुलं झालेली आहेत.

व्युत्पत्तीवेडा: विकृती म्हणजे प्रकृतीपासून झालेला बदल, त्यात शिवी कुठे आहे? लोकांनी अर्थ बिघडवला म्हणून शब्द टाकायचा?

लॅबवाली: हो, टाकायचा. रिपोर्ट शब्दकोश बघून कोणी वाचत नाही.

धरमपेठकर: ‘गुणसूत्रांतील फरक’ लिहू का मग? शीर्षकात वंध्यत्व ठेवायचं की नाही ते अजून कोणी बोललं नाही.

व्युत्पत्तीवेडा: फरक तर एक्सवायवायमध्येही (एक वाय जास्तीचं) असतो, त्यातल्या बहुतेकांना मुलं होतात. आणि पुन्हा गुणसूत्र लिहिलंत.