मदत हवी आहे: अपघात पाहिलेल्या सहकाऱ्याला मशीनवर परत उभं करावं की थांबावं?

मंडळी,
रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी एचआर बघतो. एचआर म्हणजे हजेरी, पगारपत्रक, ईएसआयसीचे कागद. माणसांच्या मनाचं काही शिकलेलो नाही, म्हणून इथे विचारतोय.

तीन आठवड्यांपूर्वी पॉवर प्रेसवर एका मुलाची दोन बोटं गेली. तो सावरतोय. प्रश्न शेजारच्या मशीनवरच्या दादांचा आहे. मेन स्विच त्यांनीच पाडला, हाताला रुमाल त्यांनीच बांधला, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर हजर! आम्हाला वाटलं, माणूस खंबीर आहे. आता लक्षात येतंय की कँटीनला जाताना ते अख्ख्या शेडला वळसा घालतात. डबा अर्धा परत नेतात.

एक चूक आमचीही झाली. चौथ्या दिवशी मालकांनी एक वक्ते बोलावले. त्यांनी सगळ्यांना गोल बसवून 'कोणी काय पाहिलं ते सांगा, मन मोकळं करा' म्हटलं. दादा मधूनच उठून गेले. (सत्यनारायणाला मात्र दोन तास निवांत बसले होते.)

प्रॉडक्शन मॅनेजर म्हणतात, मशीनवर उभं करा, भीती मोडेल. मी स्टोअरमध्ये हलवा म्हणतोय, पण तिथे ओव्हरटाइम नाही आणि दादांना ती शिक्षा वाटेल. काय करू?

तेरा_चौदाचा_पाना:
वागळे इस्टेटमध्ये सेफ्टीत हयात गेली माझी. स्टोअरमध्ये न्या, पण आधी त्यांना विचारा. परतीची तारीख आणि ओव्हरटाइमची भरपाई, दोन्ही लेखी द्या. नुसतं 'बघू' म्हणालात की माणूस समजतो, आपला पत्ता कटला.
आणि पुढच्यासाठी: मॉक ड्रिलमध्ये आपण आग विझवायला शिकवतो. पण घरी फोन कोण करणार, हॉस्पिटलात सोबत कोण जाणार, फरशी कोण धुणार, हे कोणी ठरवत नाही. आमच्याकडे एकदा पुढच्या पाळीतल्या पोरांच्या हातात बादली दिली होती. ती पोरं अजून डोळ्यांसमोर येतात.

ठाणेकरीण:
मी समुपदेशक आहे. ती बैठक फसली यात नवल नाही. घटनेनंतर लगेच सरसकट सगळ्यांकडून अनुभव वदवून घ्यावेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सुचवत नाही. तिच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेचं सूत्र तीन पायऱ्यांचं आहे: पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. बोलले तर ऐका, नाही बोलले तर नुसता चहा प्या सोबत.
झोप उडणं, दचकणं सुरुवातीला पुष्कळांना होतं आणि बहुतेकांचं ओसरतं. महिना उलटूनही तसंच राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जीव नकोसा झाल्याचं बोलले तर तेवढंही थांबू नका. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, नंबर १४४१६, मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही. मॅनेजरसाहेबांना सांगा, ढकलून भीती मोडत नाही. थोडं थोडं, त्यांच्या मर्जीने, जाणकाराला विचारून जवळ नेणं वेगळं.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. काल टपरीवर दादांनाच विचारलं. म्हणाले, मशीनचं काही नाही हो, हवा सुटते ना, त्या आवाजाने छातीत धस्स होतं. महिनाभर स्टोअरला तयार आहेत, मालकांनी ओव्हरटाइमचं लिहून दिलंय.
आता वेगळाच प्रश्न: मशीन जुनं आहे, क्लच दाबाच्या हवेवर चालणारा, ती हवा एक्झॉस्टमधून सुटते. एक्झॉस्टला सायलेन्सर बसवला तर आवाज कितपत खाली येतो? टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यात कोणी बसवून घेतलाय का?