शब्दचर्चा : पडल्यावर होतं ते काय? नुकसान, जखम की मार?

प्रश्न : दर शनिवारी आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, मराठीत. फासे टाकत, आपापलं पात्र होऊन गोष्ट रचायचा हा खेळ. खेळवणारा मी. परवा आमच्यातला चोर झालेला गडी तटावरून ३० फूट खाली आला. 'तुझं ११ नुकसान झालं' म्हणालो, तर म्हणे, 'माझं काय सोयाबीन भिजलं?' फॉलिंग डॅमेजला, म्हणजे पडल्यामुळे पात्राचे जे गुण कापले जातात त्याला, म्हणावं तरी काय?

प्रतिसाद : चोराचं बरोबर आहे. नुकसान पिकाचं, मालाचं. 'इजा' पंचनाम्यात शोभते. 'जखम' नकोच, तिला रक्त लागतं. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत पडण्याचा आघात गदा-सोट्याच्या वर्गात येतो, तलवारीच्या नाही. त्याला आपल्याकडे आयता शब्द आहे, मुका मार. कातडी शाबूत, आतून ठणका. दर १० फुटांना सहा बाजूंचा एक फासा मुका मार.

प्रतिसाद : पण 'मार' म्हटलं की कुणीतरी बडवलंय असं वाटतं.

प्रतिसाद : ते क्रियापदावर आहे. मास्तरांचा मार खातात, जिन्यावरून पडल्यावर मार लागतो.

प्रश्नकर्ता : मग २०० फुटांवरूनही मुका मारच? नियमात फाशांची संख्या २०वर थांबते, सरासरी बेरीज ७०. आमचा योद्धा तेवढ्यातून कपडे झटकत उठेल! तिथे 'कडेलोट' कसा वाटतो?

प्रतिसाद : कडेलोट ही शिक्षा, ढकलणारा हवा. रायगडाच्या टकमक टोकाशी हा शब्द जोडला गेलाय तो त्यामुळेच. पाय घसरून कुणाचा कडेलोट होत नाही. 'कपाळमोक्ष'ही घाईने वापरू नका, मुळात तो चितेवरचा शब्द. हिट पॉइंट, म्हणजे पात्राच्या जिवाचे गुण, शून्यावर आले तरी गडी सहसा आधी बेशुद्धच असतो, जगण्या-मरण्याचे फासे अजून टाकायचे असतात. (हिट पॉइंटला मराठी शब्द शोधू नका, 'प्राणांक' वगैरे ऐकून माझेच दोन कमी होतात.)

प्रतिसाद : 'दुखापत' वेगळी ठेवा. मार रात्रभराच्या विश्रांतीत उतरतो. २०१४च्या खेळसंचालकाच्या पुस्तकात मागे राहणाऱ्या दुखापतींचा ऐच्छिक तक्ता आहे. त्यात लंगडणं आलं की चाल ५ फुटांनी घटते. मुरगळलं, मोडलं ते सगळं तिथे.

प्रश्नकर्ता : ठरलं. 'तीन फाशांचा मुका मार लागला, आडवा झालास.' चोराला कळवलं. तो विचारतोय, गावात आंबेहळद कितीला मिळते?