शिक्षणसेवकाची पहिली तीन वर्षं: तग कसा धरायचा?

पाटीपेन्सिल: द्विशिक्षकी जि.प. शाळा. पहिली-दुसरी एकत्र, पट 19, शिकवणारा नवा शिक्षणसेवक (पहिली तीन वर्षं मानधनावर असलेला शिक्षक). त्यात खिचडीच्या नोंदी आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोजचं 'तातडीने माहिती भरा'. दिवाळीच्या सुट्टीआधीच दम संपतो. 'सकारात्मक राहा' सोडून काहीही सांगा.

फळा_डस्टर: शिकवून माणूस दमत नाही, दोन वर्गांत सारखी उठबस करून दमतो. तासिकेचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडा. एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याच्या हाताला काम हवं. 'बघून लिहा' दिलं की चार मिनिटांत संपतं आणि गोंगाट सुरू! त्यापेक्षा दुसरीला आइसक्रीमच्या काड्या द्या, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधून. 43 वजा 17 करताना एक गठ्ठा सोडल्याशिवाय 7 काड्या निघतच नाहीत. असली तीन गणितं पुरतात. पण ती शाळा भरण्याआधीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेली हवीत.

केंद्रातली_ताई: कागदांचं मी सांगते. पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ. 17 हजर तर 1 किलो 700 ग्रॅम. ही नोंद जेवणं उरकली की लगेच. आठवड्याची एकदम भरली की हजेरी आणि साठा जुळत नाही, मग रात्र त्यातच जाते. यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), मुलं-मुली, प्रवर्गनिहाय पट, खोल्या, शौचालयं एका पानावर लिहून फोनमध्ये फोटो ठेवा. 'तातडीची' माहिती बहुतेक हीच असते, फक्त तक्ता नवा. गट दोनदाच उघडा: मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर.

फळा_डस्टर: ताई, मुख्याध्यापकाचा प्रभार असेल तर दोनदा बघून भागत नाही. आणि निवडणूक, जनगणना, आपत्ती निवारण ही कामं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मधेच आहेत, तिथे वाद घालण्यात जीव घालवू नये.

केंद्रातली_ताई: प्रभाराचं मान्य, सर.

एसटी_पास: 2023 पासून प्राथमिकला मानधन 16,000 झालं, तरी रोज 40-40 किलोमीटर गाडी मारली तर पैसा आणि पाठ दोन्ही जातात. पहिलं वर्ष तरी जवळ खोली घ्या. आणि शिक्षण परिषदेला (केंद्रातल्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीला) जाताना अडलेल्या एका मुलाची वही न्या. 'वर्ग मागे आहे' म्हटलं की नुसता उपदेश मिळतो. वही उघडली की शेजारचे सर 'ध आणि घ मध्ये गोंधळतोय' एवढं नेमकं दाखवतात.

पाटीपेन्सिल: काड्या किती लागतील?

फळा_डस्टर: चार मुलांत शंभर. जास्तीची वीस ठेवा, हरवतात.