पॅकमॅन: गुलाबी भूत दर वेळी समोरूनच कसं येतं? (मदत हवी आहे)

मंडळी, १९८० चा जुना आर्केडवाला पॅकमॅन सध्या लॅपटॉपवर खेळतोय. टिपके खायचे, चार कोपऱ्यांतली मोठी गोळी खाल्ली की भुतं निळी होतात, मग त्यांनाच खायचं, इथवर कळलंय. पण पाचव्या लेव्हलपुढे गाडी जात नाही. लाल भूत मागे लागतं ते ठीक. गुलाबी मात्र मी ज्या गल्लीत वळणार तिथे आधीच हजर! निळी भुतंही पापणी लवेपर्यंत पूर्ववत होतात. सगळा नशिबाचा खेळ आहे की काही युक्ती आहे? बाणाच्या कळांवर खेळतो, जॉयस्टिक नाही.

प्रतिसाद १
नशीब कसलं! गुलाबी पिंकी तुमच्या मागे येतच नाही. तुमचं तोंड जिकडे, त्याच्या चार घरं पुढची जागा ती गाठू पाहते. म्हणून ती समोरून आली तर पळू नका, तिच्याच अंगावर जा. अंतर चार घरांपेक्षा कमी झालं की तिचं लक्ष्य तिच्याच पाठीमागे पडतं, आणि मध्ये फाटा असेल तर ती तिकडे वळते. फाटा हवाच बरं का, सरळ बोळात हा शहाणपणा केलात तर मेलात.

केशरी क्लाइड अगदीच भित्रा, आठ घरांच्या आत आला की डाव्या खालच्या कोपऱ्याकडे निघतो. निळसर इंकीचं गणित लाल ब्लिंकी कुठे आहे यावरही चालतं, त्यामुळे तो सगळ्यात बेभरवशाचा.

निळं राहण्याचा वेळ पहिल्या लेव्हलला ६ सेकंद, पाचवीला फक्त २. तिथे १६०० गुणांच्या चौथ्या भुताचा हव्यास सोडा, गोळी जीव वाचवायला ठेवा. सहावीला परत ५ सेकंद मिळतात.

प्रतिसाद २
कळांबद्दल: वळण यायच्या जरा आधीच बाण दाबा. पॅकमॅन कोपरा कापून वळतो, भुतांना ते जमत नाही, दर वळणाला थोडं अंतर वाढतं. बाजूच्या बोगद्यात भुतं रखडतात, तुम्ही नाही. आणि टिपके खाताना आपला वेग कमी होतो, तेव्हा जिवावर बेतलं की रिकाम्या वाटेनं पळा.

धागाकर्ता
अंगावर जायची युक्ती चालली, धन्यवाद! आता एकच. शेवटी थोडे टिपके उरले की लाल भूत जोरात पळतं असं वाटतं. भास आहे का?

प्रतिसाद १
भास नाही. पहिल्या लेव्हलला २० टिपके उरले की ब्लिंकीचा वेग वाढतो, १० उरल्यावर आणखी. पाचवीला हेच ४० आणि २० वर होतं. त्यात बाकीची भुतं अधूनमधून आपापल्या कोपऱ्यात जातात तेव्हाही हा पिच्छा सोडत नाही. म्हणून चारी दिशांना एकेक टिपका मागे ठेवू नका. खालचे लांब बोळ मी आधी साफ करतो, शेवटचे टिपके बोगद्याजवळ ठेवतो.