सोसायटीचा रस्ता: तीन कोटेशनं, तीन भाव. खरा खर्च काढायचा कसा?

फोंडेकर सेक्रेटरी

नमस्कार. फोंड्याजवळ आमची ३६ फ्लॅटची सोसायटी आहे. मी सेक्रेटरी. ज्या सभेला उशिरा पोचलो, त्याच सभेत झालो. आयुष्य बँकेत गेलं, डांबरातलं ओ की ठो कळत नाही.

आत १८० मीटर लांब, साडेचार मीटर रुंद रस्ता आणि २४० चौ.मी. पार्किंग. एकूण १०५० चौ.मी. बिल्डरने घातलेलं डांबर, आता १२ वर्षांचं. यंदा पावसाने फाटकाजवळ पार चाळण केली. चतुर्थीला तिसऱ्या मजल्यावरचे गणपती घेऊन येत होते, त्यांची रिक्षा त्याच खड्ड्यात बसली. गणपतीला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून माझ्या दाराची बेल थांबलेली नाही.

तीन कोटेशनं आली. चौरस मीटरला ३९०, ४८० आणि ६१०, जीएसटी वेगळा. १०५० ने गुणलं तर ४,०९,५००, ५,०४,००० आणि ६,४०,५००. फंडात साडेतीन लाख आहेत. सभेत निम्मे लोक म्हणाले, पहिल्याला द्या आणि मोकळे व्हा. एकाच कामाच्या भावात सव्वादोन लाखांची तफावत असेल, तर एकतर कोणी लुटतोय किंवा कोणी वेगळंच काम करणार आहे. बँकेत एवढं शिकलो. पुढचं तुम्ही सांगा.

म्हापशाचा

डांबर सोडा, पेव्हर ब्लॉक टाका आणि विसरा. आमच्याकडे टाकलेत. पहिल्या वर्षी मस्त होते. दुसऱ्या वर्षी कचऱ्याच्या गाडीच्या चाकोरीत दबले, आता त्यात पाणी साठतं. विसरायला मिळालं नाही, हे खरं.

खडीवाला

अहो सेक्रेटरीबाब, मी ३१ वर्षं साइटवर सुपरवायझर होतो, आता डिचोलीला घरी बसून लोकांच्या रस्त्यांना नावं ठेवतो. तीन गोष्टी सांगा. प्रत्येकाने जाडी किती लिहिली आहे? ती दाबण्याआधीची की नंतरची? आणि चाळण झाली ती फाटकाजवळच का, बाकी रस्त्यावर का नाही?

फोंडेकर सेक्रेटरी

पहिल्याने नुसतं ‘कारपेट’ लिहिलंय. फोनवर विचारलं तर म्हणाला २५ मिमी. दुसऱ्याने ‘४० मिमी थर’ लिहिलंय, पुढे काही नाही. तिसऱ्याने ‘रोलिंगनंतर ४० मिमी, व्हीजी-३०’ असं लिहिलंय, व्हीजी-३० ही डांबराची प्रत म्हणे. फाटकाजवळच का, ते मला माहीत नाही. तिथे पावसात पाणी साठतं खरं.

खडीवाला

मग तुम्हीच उत्तर दिलंत. पण आधी भाव बघू.

डांबर चौरस मीटरने विकत घेऊ नका, वजनाने घ्या. चांगलं दाबलेलं हॉटमिक्स, म्हणजे खडी आणि डांबराचं गरम मिश्रण, घनमीटरला साधारण २.३५ टन भरतं. म्हणजे ४० मिमी दाबलेल्या थरात एका चौरस मीटरला ९४ किलो माल. २५ मिमीला जेमतेम ५९ किलो. आता भागाकार करा. तिसऱ्याचा भाव टनाला सुमारे ६,५०० पडतो, पहिल्याचा ६,६००. सभेत ज्याला ‘स्वस्त’ म्हणताय, तो किलोमागे सगळ्यात महाग आहे. फक्त माल कमी घालतोय.

दुसरा मधला. त्याचे ४० मिमी मोकळे असतील तर रोलरखाली साधारण पाचवा भाग दबतो, ३२ मिमी उरतात. तसं असेल तर भाव वाईट नाही, पण तुम्ही चाळीसचे पैसे देताय असं समजू नका. आणि दाबून ४० देतो म्हणाला, तर टनाला ५,१०० पडतात. शंभर टनांच्या कामासाठी प्लांट, डांबर अंथरायचं पेव्हर मशीन, रोलर, माणसं एवढ्यात कशी बसवणार, हे त्यालाच विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

आता फाटक. गोव्यात वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पाणी थांबलं की ते खडीवरचं डांबर सोडवतं, फटीतून खालच्या मुरुमात उतरतं, मुरूम मऊ होतो आणि वरून टँकर गेला की रस्ता बसतो. तडे मगरीच्या पाठीसारखे, चौकोन-चौकोन दिसतात का बघा. तसे दिसले तर दोष वरच्या थरात नाही, खाली आहे. त्यावर ४० मिमी काय, ८० मिमी घातलं तरी दोन पावसाळ्यांत तेच तडे वर येणार. कुजलेल्या वाशावर नवीन कौलं.

म्हणून १०५० ने गुणणंच चुकलं. सगळा रस्ता सारखा बिघडलेला नसतो. खडू घ्या, टेप घ्या, चालत जा. मगरी तडे वेगळे मोजा, खड्डे वेगळे, बारीक केसासारखे तडे वेगळे. चेंबरची झाकणं मोजा, कारण ४० मिमी थर आला की प्रत्येक झाकण उचलावं लागतं, आणि हा खर्च कोटेशनमध्ये कोणी लिहीत नाही. पार्किंगमध्ये नुसता रंग उडाला असेल तर तिकडे बघूसुद्धा नका.

आणि पाऊस अजून पूर्ण गेलेला नाही. एक जोराची सर येईल. ती थांबली की अर्ध्या तासाने छत्री घेऊन खाली या आणि जिथे पाणी उभं आहे तिथे खडूने गोल काढा. तुमच्या रुंदीला मधून कडेपर्यंत साडेचार-पाच सेंमी उतार हवा. तुमच्याकडे नसणार. कोणाकडेच नसतो.

मडगावची खजिनदार

पैशाच्या बाजूने दोन शब्द. ऑर्डरमध्ये ‘रोलिंगनंतरची जाडी’ हे शब्द हवेत. प्रत्येक ट्रकची वजनकाट्याची पावती हवी, नुसतं डिलिव्हरी चलान नको. आणि बिलाचे १० टक्के पहिला पावसाळा संपेपर्यंत धरून ठेवा. आम्ही ते केलं नाही. जुलैत कडा सुटल्या, कंत्राटदाराचा फोन लागेना. त्या वर्षीचा ताळेबंद मांडताना माझं तोंड बघण्यासारखं होतं.

खडीवाला

बाई बरोबर बोलल्या. त्यात दोन भर. टॅक कोट, म्हणजे जुन्या थरावर मारायचं चिकट इमल्शन, तुमच्या ८१० चौ.मी. रस्त्याला सुमारे २०० किलो लागतं, चौरस मीटरला पाव किलोच्या हिशोबाने. म्हणजे एक ड्रम. साइटवर तो भरलेला आला आणि रिकामा गेला, एवढं बघायला इंजिनिअर लागत नाही. आणि माल अंथरताना १४० अंशांच्या खाली नको. थर्मामीटर आणायला सांगा. थंड माल रोलरखाली दबत नाही, वरून काळा-काळा छान दिसतो आणि जूनमध्ये खडी मोकळी होते.

फोंडेकर सेक्रेटरी

काका, शनिवारी सर आली. मी, खडू आणि बी विंगमधला सातवीतला मुलगा, असे तिघे गेलो.

मगरी तडे ६० चौ.मी., सगळे फाटकाजवळ. सुटे खड्डे १८, मिळून २२ चौ.मी. बाकी रस्त्यावर बारीक तडे. पार्किंग ठणठणीत. चेंबर ११. आणि पाणी का थांबतं तेही सापडलं. फाटकाशेजारच्या दुकानाने गाडी चढवायला काँक्रीटचा रॅम्प केलाय, तो थेट गटारावर. गेली चार वर्षं आम्ही सगळे त्यावरून चालतोय.

आता आकडे. रस्ता ८१० चौ.मी., ४० मिमीने ७६ टन, खोलगट भाग भरायला १० टक्के जास्त धरले, ८४ टन. टनाला ६,५०० ने ५,४६,०००. फाटकाजवळ खालचा मुरूम काढून नवीन खडी भरायला मिस्त्रीने चौ.मी.ला ९०० सांगितले, ५४,०००. गटार ३० मीटर, मीटरला २,८००, म्हणजे ८४,०००. चेंबर अडीच हजाराप्रमाणे २७,५००. बेरीज ७,११,५००. १८ टक्के जीएसटी धरून ८,३९,५७०. चार लाखांचं काम साडेआठ लाखांवर गेलं. हे सभेत सांगितलं तर मला खाली फाटकाजवळच पुरतील.

खडीवाला

सगळं एका वर्षी करायला कोणी सांगितलं? यंदा डिसेंबरात गटार, फाटकाजवळचा बेस आणि ते ८२ चौ.मी. डांबर, एवढंच. पावणेआठ टन, म्हणजे एक ट्रक. इतक्या कमी मालाला भाव थोडा चढा लागेल, तो मानून घ्या. मग येऊ दे पावसाळा. फाटकाजवळ पाणी थांबलं नाही, तर पुढच्या वर्षी वरचा थर घाला. थांबलं, तर निदान पाच लाख त्या पाण्यात गेले नाहीत.

फोंडेकर सेक्रेटरी

मांडून बघितलं. यंदाचं काम जीएसटीसकट सव्वादोन लाख, भाव चढला तरी अडीचच्या आत. फंडातून भागतं. वरच्या थराला आणि चेंबरना ६,७६,७३०. फंडात उरलेले वजा करून ३६ घरांनी १२ महिन्यांत भरायचे, तर घरटी महिना साडेतेराशेच्या आसपास. हे मात्र सभेत सांगता येईल.

रविवारी सभा आहे. पहिला विषय रॅम्प ठेवलाय. दुकानदार आमच्याच सोसायटीचा सभासद निघाला, आणि पहिल्या कोटेशनला अनुमोदनही त्यानेच दिलं होतं. देव बरें करूं, काका.