सामान्य अमेरिकनांचा आवाज कोण: स्प्रिंगस्टीन की फोगर्टी?

धागा
व्हिएतनाम युद्धाच्या काळात वयात आलेल्या कष्टकरी अमेरिकनांचं जगणं रॉकमध्ये सगळ्यात खरेपणाने कुणी गायलं? माझ्या मते ब्रूस स्प्रिंगस्टीनने. त्याचा १९८२चा 'नेब्रास्का' ऐका. न्यू जर्सीतल्या घरात चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर आणि शूर एसएम५७चे दोन माइक, एवढ्यावर हा अल्बम झाला. पुढे बँड घेऊन तीच गाणी स्टुडिओत करून पाहिली, पण त्यांतला एकटेपणा हरवला. शेवटी कॅसेटचंच ध्वनिमुद्रण बाजारात आलं. त्यातल्या 'जॉनी ९९' या गाण्यात न्यू जर्सीतल्या माहवाचा मोटार कारखाना बंद पडतो. नोकरी गेलेला माणूस दारूच्या नशेत खून करतो आणि कोर्टात न्यायाधीशाला सांगतो, डोक्यावर कर्ज आहे, बँक घर घ्यायला निघालीय. फोर्डचा माहवाचा कारखाना १९८०मध्ये खरोखरच बंद झाला होता.

प्रतिसाद १
साफ असहमत. तो मान क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल बँडचा गायक जॉन फोगर्टीचा. त्याचं 'फॉर्च्युनेट सन' (नशीबवान मुलगा) १९६९चं, म्हणजे सक्तीची सैन्यभरती चालू असतानाचं. कॉलेजात नाव असलं की भरती पुढे ढकलता यायची. ज्याला फी परवडत नाही तो आधी सापडायचा. फोगर्टी स्वतः आर्मी रिझर्व्हमध्ये होता. सव्वादोन मिनिटांत त्याने हा अन्याय मांडला. स्प्रिंगस्टीनचं 'बॉर्न इन द यूएसए' आलं १९८४मध्ये, सायगाव पडून युद्ध संपल्यावर नऊ वर्षांनी. त्यातही ढोल आणि सिंथेसायझर इतके पुढे की युद्धातून परतलेल्या सैनिकाची परवड सांगणारी कडवी कानांवरून जातात, लक्षात राहतं ते 'अमेरिकेत जन्मलो' हे ध्रुवपद. त्याच सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या हॅमंटनच्या प्रचारसभेत राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांत आशेचा संदेश शोधला!

धागाकर्ता
हेच गाणं स्प्रिंगस्टीनने आधी गिटारवर एकट्याने म्हटलं होतं, 'नेब्रास्का'च्याच कॅसेटसाठी. ते १९९८च्या 'ट्रॅक्स' या संग्रहात आहे. ते ऐकून कुणाचाही गैरसमज होणार नाही. आणि गैरवापर फोगर्टीच्या गाण्याचाही झालाच की! रँग्लर जीन्सच्या जाहिरातीत 'फॉर्च्युनेट सन'मधल्या झेंड्याच्या सुरुवातीच्या ओळी तेवढ्या ठेवल्या. हक्क त्याच्याकडे नव्हते, तो चिडण्यापलीकडे काय करणार?

प्रतिसाद २
शेतकऱ्यांचं काय? जॉन मेलेनकॅम्पच्या १९८५च्या 'स्केअरक्रो'मध्ये बँकेने लिलावात काढलेली शेतं आहेत. त्याच सप्टेंबरात विली नेल्सन आणि नील यंग यांच्याबरोबर त्याने इलिनॉयमधल्या शॅम्पेन शहरात पहिला फार्म एड, म्हणजे शेतकऱ्यांच्या मदतीसाठीचा संगीत कार्यक्रम, उभा केला. गाणं आणि मदत दोन्ही.

प्रतिसाद १
मेलेनकॅम्पबद्दल आदर आहे, पण प्रश्न युद्धाच्या पिढीचा आहे. जाहिरातीचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं. फोगर्टीच्या ध्रुवपदातच नकार आहे, 'तो नशीबवान मुलगा मी नव्हे'. म्हणून जाहिरातवाल्यांना गाणं कापावं लागलं. स्प्रिंगस्टीनचं ध्रुवपद न कापताही अभिमानगीत म्हणून खपतं.