आयडीएक्स उडाली म्हणजे रेपो गेला असं नाही

गिटचा रेपो म्हणजे कोड आणि त्याच्या बदलांचा इतिहास. तो पॅक नावाच्या फाइलमध्ये दाबून ठेवलेला असतो, आणि आयडीएक्स ही त्या पॅकची अनुक्रमणिका. डिस्कवर जागा करताना चुकून ही आयडीएक्स फाइल उडवली, आणि त्यावर सल्ला मिळालाय तो पुन्हा क्लोन करायचा, म्हणजे सर्व्हरवरून सगळा रेपो नव्याने उतरवायचा. थांबा! ज्या कमिट्स (नोंदवलेले बदल) अजून सर्व्हरवर पुश केलेल्या नाहीत त्या क्लोनमध्ये कुठून येणार?

पॅक फाइल शाबूत आहे ना? मग 'गिट इंडेक्स-पॅक' कमांडला तिचा पाथ द्या, आयडीएक्स नव्याने तयार होईल. क्लोन करतानासुद्धा सर्व्हर आयडीएक्स पाठवत नाहीच. ती आपल्याच मशीनवर बनते. 'रिझॉल्व्हिंग डेल्टाज' म्हणून टक्के सरकताना दिसतात, ते हेच काम.

वेळ लागतो, कारण पॅकमध्ये ऑब्जेक्टचं (साठवलेली फाइल, कमिट वगैरेंचं) नाव लिहिलेलंच नसतं. प्रत्येक ऑब्जेक्ट उलगडायचा, डेल्टा (दुसऱ्या ऑब्जेक्टपासूनचा नुसता फरक) असेल तर मूळ ऑब्जेक्टवर चढवायचा, मग मजकुरावरून हॅश काढायचा. तो हॅश हेच नाव. मोठ्या रेपोवर चहा पिऊन या.

आयडीएक्सची रचना मला तरी फार आवडते. सुरुवातीला 256 खणांचा फॅनआउट तक्ता, प्रत्येक खण 4 बाइटचा. खणांचे क्रमांक 0 पासून, आणि खणात त्या क्रमांकाच्या पहिल्या बाइटपर्यंतची एकूण किती नावं आहेत तो आकडा. हॅश 3एफ ने (हेक्समधले 63) सुरू होत असेल तर 62 आणि 63 क्रमांकाच्या खणांतले आकडे बघायचे. नाव असलंच तर क्रमाने लावलेल्या नावांच्या यादीत त्या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात. तिथे बायनरी सर्च (पट्टा निम्मा-निम्मा करत शोध), की ऑफसेट, म्हणजे ऑब्जेक्टची पॅकमधली जागा, हातात. ऑफसेटही 4 बाइटचेच. 2 जीबीच्या पुढचे वेगळ्या 8 बाइटच्या तक्त्यात जातात.

कमांड चालवण्याआधी पॅकची एक कॉपी मात्र बाजूला ठेवा. मी एकदा ठेवली नव्हती.